पंक्चर नेहमी मागच्याच चाकाला का?

सकाळी लोकलच्या वेळेला नवी मुंबईतल्या खांदेश्वर स्टेशनबाहेर दोन मिनिटं थांबून पाहा. कामोठ्याकडून, खांदा कॉलनीतून, नवीन पनवेलहून येणाऱ्या दुचाकींच्या गर्दीत बॅटरीवर चालणाऱ्या सायकली आता दिसू लागल्या आहेत. घर ते स्टेशन हे अंतर चालायला लांब आणि गाडी काढायला जवळ. त्यासाठी ई-सायकल सोयीची. पेट्रोल नको, घामाघूम होणं नको. मोटर २५० वॅटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर नोंदणी आणि लायसन्सचीही गरज नाही. या सगळ्या सोयीवर पाणी फिरवायला तारेचा एक बारीकसा तुकडा पुरतो.

पंक्चर झालेल्या सायकली नीट पाहिल्या तर एक कोडं समोर येतं. बसलेलं असतं ते बहुतेक वेळा मागचं चाक. खरं तर रस्त्यावरच्या खिळ्याशी पहिली गाठ पडते पुढच्या चाकाची. मागचं चाक त्याच्या मागोमाग, जवळपास त्याच रेषेत येतं. मग पुढचं सुटतं आणि मागचं अडकतं, असं का? या प्रश्नाचं उत्तर समजलं की टायर निवडण्याचं अर्धं काम झालंच म्हणून समजा.

पुढचं चाक उठवतं, मागचं झेलतं

रस्त्यावर पडलेला खिळा सहसा आडवा असतो आणि आडवा खिळा टायरात शिरत नाही. पुढचं चाक त्याच्या एका टोकावरून गेलं की तो उसळतो, कलंडतो आणि क्षणभर त्याचं अणकुचीदार टोक वर येतं. सायकलच्या दोन चाकांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत साधारण सव्वा मीटरच्या आतलंच अंतर असतं. ताशी २० किलोमीटर वेगानं ते कापायला सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग लागतो. खिळा पुन्हा आडवा व्हायच्या आत मागचं चाक त्याच्यावर पोचलेलं असतं.

दुसरं कारण वजनाचं. सायकलवर बसलेल्या माणसाचा भार दोन्ही चाकांवर सारखा पडत नाही. चालवणारा ७० किलोचा, सायकल २५ किलोची आणि पाठीवरची बॅग ५ किलोची धरली तर एकूण १०० किलो होतात. त्यातले साठेक किलो मागच्या चाकावर येतात. मागचा टायर त्यामुळे जास्त दबतो, जास्त रुंद टेकतो आणि वाटेत आलेल्या टोकदार वस्तूवर जास्त जोरानं बसतो.

तिसरं कारण खास ई-सायकलचं. पुण्याची ईमोटोराड असो वा हिरो लेक्ट्रो, आपल्याकडच्या बहुतेक ई-सायकलींची मोटर मागच्या चाकाच्या हबमध्येच असते. सायकल पुढे ढकलण्याचं काम हाच टायर करतो, म्हणून तो पुढच्यापेक्षा लवकर झिजतो. रबर जितकं पातळ, तितकी ट्यूबपर्यंतची वाट सोपी.

त्यात भर म्हणजे हे चाक काढणंही जिकिरीचं. साध्या सायकलचं चाक दोन नट सैल केले की हातात येतं. हब मोटरच्या चाकाला आधी बॅटरी बंद करावी लागते, मोटरच्या वायरचा जोड सोडवावा लागतो, मोठ्या पान्यानं ॲक्सलचे नट काढावे लागतात आणि ॲक्सल जागच्या जागी फिरू नये म्हणून बसवलेला वॉशर कोणत्या बाजूनं होता हेही लक्षात ठेवावं लागतं. ई-सायकलला पंक्चर होण्याची शक्यता जिथे जास्त, तिथेच ते काढणं सगळ्यात अवघड. पंक्चर टाळण्यासाठी चार पैसे जास्त मोजावेत, याचं हे पहिलं कारण.

आपल्या रस्त्यांवर काय पडलेलं असतं?

टायर निवडायच्या आधी तो कशाशी लढणार आहे ते पाहायला हवं. खांदेश्वरच्या आसपासचा भाग सिडकोनं वसवलेला आहे आणि बांधकाम अजून चालूच आहे. बांधकाम म्हटलं की सेंट्रिंगच्या फळ्यांतून निघालेले खिळे आणि सळ्या बांधायच्या बाइंडिंग तारेचे तुकडे आलेच. जवळच कळंबोलीला लोखंड-पोलाद बाजार आणि ट्रक टर्मिनल आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग तिथूनच सुरू होतो, सायन-पनवेल महामार्ग तिथूनच जातो आणि जेएनपीए बंदराकडची कंटेनर वाहतूकही याच परिसरातून होते.

अवजड ट्रकच्या रेडियल टायरांत पोलादी तारांचे पट्टे असतात. असा टायर फाटला की त्याच्या चिंध्या रस्त्याच्या कडेला पडतात आणि त्यांतून अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक तारा सुटून इतस्ततः पसरतात. या तारा डोळ्यांना दिसत नाहीत. पंक्चरवाल्याकडे गेल्यावर ‘आत काही सापडलं नाही’ असं उत्तर मिळतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा पंक्चर होतं, तेव्हा बऱ्याचदा अशीच एखादी तार टायरात रुतून राहिलेली असते.

देशावरच्या वाचकांची लढाई वेगळी आहे. नगर, सोलापूर, बीडकडे बाभळीचे काटे आणि सराटे हेच मुख्य शत्रू. सराट्याचा प्रत्येक तुकडा कसाही पडला तरी त्याचा एखादा काटा वरच असतो. म्हणजे नवी मुंबईत तार, खिळा आणि काच, तर देशावर काटा. दोन्हींवर एकच टायर सारखाच उपयोगी पडेल असं नाही. ते का, हे टायरच्या आत डोकावलं की कळतं.

काच एका फटक्यात शिरत नाही

खिळा एकदम घुसतो, पण काच आणि तार यांचं तसं नसतं. काचेचा छोटा तुकडा आधी टायरच्या रबराला चिकटतो किंवा नक्षीच्या खाचेत अडकतो. मग चाकाच्या प्रत्येक फेरीला तो रस्त्यावर आपटतो आणि थोडाथोडा आत जातो. २६ इंची चाकाचा घेर सुमारे २ मीटर ७ सेंटिमीटर असतो. म्हणजे एका किलोमीटरला चाक ४८० च्या आसपास फेऱ्या मारतं. घर ते स्टेशन ३ किलोमीटर धरलं तर एकाच खेपेत त्या काचेवर १,४०० हून अधिक ठोके पडतात. आज अडकलेली काच ट्यूबपर्यंत पोचायला कधी काही दिवसही लागतात.

पावसाळ्यात हे जास्त घडतं. ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं, कारण पाणी धारेला वंगणासारखं काम करतं. शिवाय पावसाचं पाणी रस्त्यावरचा सगळा कचरा वाहून कडेला आणून टाकतं आणि सायकलवाल्याची जागा नेमकी त्या कडेलाच असते. साचलेल्या पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही, ते वेगळंच.

पण काच हळूहळू शिरते, याचा फायदाही आहे. मधल्या काळात ती आपल्याला काढून टाकता येते. आठवड्यातून एकदा चाक हातानं सावकाश फिरवत टायरचा पूर्ण घेर पाहायचा. चमकणारा कण, काळा ठिपका किंवा बारीक चीर दिसली की छोट्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं तिथे कोरून पाहायचं. तुकडा निघाला तर एक पंक्चर टळलं. पाच मिनिटांच्या या कामाला पैसा लागत नाही आणि कितीही महागडा टायर घेतला तरी ते टाळता येत नाही.

टायरच्या पोटात

टायर म्हणजे नुसतं काळं रबर नव्हे. त्याचा सांगाडा नायलॉनच्या धाग्यांचा असतो. हे धागे रबरात बुडवून एकमेकांना तिरके छेद देत बसवलेले असतात. टायरच्या दोन्ही कडांत पोलादी तार किंवा चिवट धाग्यांचा कडक गोफ असतो, तो रिमला धरून राहतो. सांगाड्यावर, रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, नक्षीचं जाड रबर असतं. पंक्चररोधक टायरात या नक्षीच्या आणि सांगाड्याच्या मध्ये आणखी एक थर असतो. जास्तीचे पैसे द्यायचे ते या थराचे.

हा थर मुख्यतः दोन प्रकारचा असतो. पहिला प्रकार विणलेल्या चिवट धाग्यांचा. ॲरामिड हा धागा त्यासाठी प्रसिद्ध आहे. केवलर हे त्याचंच एक व्यापारी नाव. ड्यूपाँट कंपनीत काम करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांना १९६५ साली या धाग्याचा शोध लागला. बुलेटप्रूफ जॅकेटांत तोच वापरतात. दुसरा प्रकार जाड, लवचिक रबराच्या गादीचा. जर्मनीच्या श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लस या टायरात अशा रबराचा ५ मिलिमीटर जाडीचा थर असतो. ड्रॉइंग पिनसारखी छोटी वस्तू पूर्ण रुतली तरी तिचं टोक ट्यूबपर्यंत पोचत नाही.

या दोन थरांतला फरक घरातल्या गोधडीवरून लक्षात येईल. घट्ट विणीच्या कापडाची गोधडी बोथट सुरीनं कापायला गेलं तर धागे दाद देत नाहीत, पण सुई मात्र दोन धाग्यांमधून वाट काढत पार निघते. आता तीच सुई कापडाच्या दहा-बारा थरांच्या जाड गोधडीत खुपसा. शिरेल, पण तिची लांबी कमी पडेल आणि टोक पलीकडे दिसणार नाही. विणलेला थर धारेला अडवतो, जाड थर टोकाला थकवतो.

म्हणून काचेसाठी ॲरामिडचा थर उत्तम, पण ट्रकच्या टायरातून सुटलेली बारीक तार त्याच्या विणीतून निसटू शकते. तार, टाचणी, काटा यांच्यासाठी जाडी हवी. नवी मुंबईच्या रस्त्यांवर दोन्ही संकटं असल्यानं दोन्ही थर असलेला टायर मिळाला तर सर्वांत चांगलं. एकच निवडायचा झाला तर मागच्या चाकाला जाड थराचा घ्यावा.

अर्थात हेही लक्षात ठेवायला हवं की हा थर फक्त नक्षीखाली असतो. टायरची बाजू, म्हणजे सायडवॉल, पातळच राहते, कारण तिला दर फेरीला वाकायचं असतं. फरशीच्या कडेला घासून बाजू चिरली तर आतला महागडा थर काही करू शकत नाही. आणि तीन इंची खिळा उभा मिळाला तर तो कुठलाही थर भेदून जातो. पंक्चर कमी करणारा टायर असतो, पंक्चर कधीच न होणारा हवेचा टायर नसतो.

याची किंमत कोण भरतं?

मग सगळ्याच सायकलींना असे टायर का नसतात? कारण जाड टायर चालवायला जड जातो. चाक फिरताना टायर जिथे टेकतो तिथे दबतो आणि पुढच्या क्षणी पूर्ववत होतो. दबताना घेतलेली सगळी शक्ती तो परत देत नाही, काही उष्णतेच्या रूपात वाया जाते. रबर जितकं जाड, तितकी ही गळती जास्त.

ढोबळ हिशेब करून पाहू. चांगला हलका टायर एकूण वजनाच्या ०.६ टक्के इतका विरोध करतो आणि जाड संरक्षक टायर १ टक्का, असं धरू. १०० किलो वजनाला फरक पडतो ४०० ग्रॅम जोराचा. ताशी २० किलोमीटर वेगानं हा फरक भरून काढायला सुमारे २२ वॅट जास्त लागतात. पेडल मारणारा साधारण माणूस सलग ७५ ते १०० वॅट देऊ शकतो. त्याच्या ताकदीचा पाव हिस्सा नुसता टायर खाणार! साध्या सायकलवर लांबचा प्रवास करणारे म्हणूनच जाड टायर टाळतात.

ई-सायकलचं गणित मात्र वेगळं. २५० वॅटच्या मोटरला २२ वॅट म्हणजे दहाव्या हिश्शाहूनही कमी. बॅटरीच्या भाषेत सांगायचं तर किलोमीटरमागे एक-दीड वॅट-तास जास्त. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॅट-तास साठतात. स्टेशनपर्यंतच्या ३ किलोमीटरला त्यातले चार-पाच जास्त गेले तर कळणारही नाही. लांबच्या पल्ल्याला मात्र कळेल. बॅटरी जिथे ३५ किलोमीटर चालत होती तिथे ३१-३२ चालेल. वजनाचंही तसंच. टायर चारशे-पाचशे ग्रॅमनं जड झाला तरी २५ किलोच्या सायकलला त्याचा भार वाटत नाही.

म्हणजे जो टायर साध्या सायकलला ओझं वाटतो, तो ई-सायकलला सहज पेलतो. आणि पंक्चर काढण्याचा त्रास मात्र ई-सायकलला दुप्पट. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की निर्णय सोपा होतो: रोजच्या प्रवासाच्या ई-सायकलला मागे जाड, संरक्षक थराचा टायर बसवावाच.

हवा कमी, पंक्चर जास्त

सगळीच पंक्चरं टोकदार वस्तूंमुळे होत नाहीत. ट्यूब बाहेर काढल्यावर शेजारी-शेजारी दोन छोट्या चिरा दिसल्या तर दोष खिळ्याचा नसून कमी हवेचा असतो. हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या कडेवर आदळलं की टायर पूर्ण चेपतो आणि ट्यूब रिमच्या दोन्ही कडा आणि खड्डा यांच्या कैचीत सापडते. या पंक्चरावर कोणताही संरक्षक थर चालत नाही.

टायर वजन पेलत नाही, त्याच्यातली हवा पेलते. ५० पीएसआय दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण साडेतीन किलो. मागच्या चाकावर ६० किलो असतील तर टायर जेमतेम १७ चौरस सेंटिमीटर टेकतो. हवा ३० पीएसआयवर आली की हीच जागा २८ चौरस सेंटिमीटर होते. टायर रुंद पसरतो, सायडवॉल जास्त वाकते आणि रिम जमिनीच्या जवळ येते.

योग्य दाब किती ते टायरच्या बाजूवरच उठवलेलं असतं. किमान आणि कमाल असे दोन आकडे असतील तर मधल्या आकड्यापासून सुरुवात करावी आणि मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी जास्त हवा भरावी. अंगठ्यानं दाबून पाहण्यावर विसंबू नये. जाड टायर निम्मी हवा गेली तरी अंगठ्याला कडकच लागतो. बहुतेक ई-सायकलींना स्कूटरसारखा जाड व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे साधा प्रेशर गेज चालतो. ट्यूबमधून हवा आपोआप थोडीथोडी झिरपत असते, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा तरी ती तपासावी. पेट्रोल पंपावर भरत असाल तर आकडा आधी सांगा. सायकलच्या छोट्या ट्यूबमध्ये कॉम्प्रेसरची हवा झपाट्यानं भरते.

ट्यूबला आतल्या बाजूला, रिमकडे भोक असेल तर आऱ्यांवरची रिमटेप सरकलेली असते. व्हॉल्व्हच्या मुळाशी चीर असेल तर बऱ्याचदा कमी हवेत टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह ओढला गेलेला असतो. म्हणून ट्यूबला ठिगळ लावण्याआधी भोक कुठे आहे ते पाहावं. दुखणं कुठलं ते तिथेच कळतं.

सीलंट, पट्टी की भरीव टायर?

*सीलंट.* हा दाट द्रव व्हॉल्व्हमधून आत सोडतात. चाक फिरलं की तो आतून सगळीकडे पसरतो. भोक पडलं की बाहेर धावणारी हवा द्रवातले तंतू आणि रबराचे कण त्या भोकाकडे ओढून नेते, ते तिथे अडकतात आणि भोक बुजतं. तार-काट्यांच्या बारीक भोकांवर हे फार गुणकारी आहे. ट्यूबमधल्या मोठ्या चिरेवर मात्र ते टिकत नाही. उन्हाळ्यात सुकतं, त्यामुळे दर काही महिन्यांनी पुन्हा घालावं लागतं. कधी व्हॉल्व्हमध्ये गोठून हवा भरणं अवघड करतं आणि ओलसर ट्यूबवर ठिगळ नीट चिकटत नाही.

*आतली पट्टी.* टायर आणि ट्यूबच्या मध्ये प्लास्टिकची किंवा फोमची पट्टी घालता येते. स्वस्त उपाय, पण पट्टीची टोकं कडक असतील तर तीच ट्यूबला घासून भोक पाडतात. टोकं पातळ होत गेलेली पट्टी निवडावी.

*जाड ट्यूब.* कमी हवेमुळे होणाऱ्या दुहेरी चिरांना थोडा आळा घालते, तारेला फारसा नाही.

*भरीव टायर.* यात हवाच नाही, त्यामुळे पंक्चर नाही. ऐकायला आदर्श वाटतं. पण सायकलींचे टायर आधी भरीवच होते. १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, ते विस्मरणात गेलं आणि १८८८ साली बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी केलेल्या हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. त्यानंतर काही वर्षांतच सायकलींवरून भरीव रबर हद्दपार झालं, कारण हवेचा टायर दणके स्वतः पचवतो. भरीव टायर लावला की ते दणके आरे, फ्रेम, बॅटरीचे जोड आणि तुमचं कंबरडं यांना बसतात. ओल्या रस्त्यावर त्याची पकडही कमी पडते. खड्डे आणि चार महिने पाऊस असलेल्या आपल्या भागात मी तो सुचवणार नाही.

ई-सायकलऐवजी ई-स्कूटर असेल तर काम सोपं आहे. तिचे टायर बहुधा ट्यूबलेस असतात. खिळा रुतला तरी भोवतालचं रबर त्याला घट्ट आवळून धरतं आणि हवा हळूहळू जाते. चाक न काढता बाहेरूनच भोकात रबराची वात भरता येते. सिएटसारख्या कंपन्यांनी आतून सीलंटचा थर असलेले दुचाकीचे टायरही बाजारात आणले आहेत. स्कूटरवाल्यानं खिळा दिसला की तिथेच उपटू नये, आधी पंक्चरवाल्याकडे पोचावं.

दुकानात काय पाहायचं?

‘२६ इंची टायर द्या’ एवढं सांगून भागत नाही. २६ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरांचे व्यास वेगवेगळे असतात. एमटीबीच्या (माउंटन बाइकच्या) २६ × १.९५ टायरचा रिमवर बसणारा व्यास ५५९ मिलिमीटर, तर जुन्या लेडीज सायकलच्या २६ × १ ३/८ टायरचा ५९०. एक दुसऱ्याच्या रिमवर बसणार नाही. त्यामुळे जुन्या टायरच्या बाजूवर ५०-५५९ किंवा ५४-५८४ अशी जोडी शोधा. पहिला आकडा रुंदी, दुसरा व्यास. दुसरा आकडा तोच हवा. पहिला थोडा वाढला तरी चालेल, पण मडगार्ड आणि फ्रेम यांच्यात बोटभर जागा उरते ना, ते पाहा.

‘पंक्चर प्रूफ’ या शब्दावर जाऊ नका. संरक्षणाच्या पातळ्या प्रत्येक कंपनी आपापल्या मोजपट्टीनं देते. एकीची पाचवी पातळी म्हणजे दुसरीची पाचवी नव्हे. त्यापेक्षा टायर हातात घ्या. आतून, नक्षीच्या बरोबर मागे, चिमटीत धरून जाडी पाहा आणि तीच चिमूट सायडवॉलवर लावून फरक पाहा. मग त्याच मापाचे दोन टायर वजनकाट्यावर ठेवा. संरक्षक थराला वजन असतंच. ‘जाड थर’ सांगितलेला टायर साध्या टायरएवढाच भरला तर विक्रेत्याला प्रश्न विचारा. ‘ईसीई-आर७५’ ही खूण जास्त वेगाच्या ई-सायकली आणि मोपेडसाठीची आहे. ताशी २५ किलोमीटरच्या सायकलला ती सक्तीची नाही, पण असलेली चांगली.

पुढच्या चाकाचा निकष वेगळा. तिथे पंक्चर कमी होतात, पण घसरलं तर पडणं नक्की. म्हणून पुढे ओल्या रस्त्यावर पकड देणारा, मऊ रबराचा, मध्यम संरक्षणाचा टायर घ्या. मागचा झिजलेला टायर काटकसर म्हणून पुढे लावू नका.

चाक न काढता पंक्चर

इतकं करूनही कधीतरी पंक्चर होईलच. अशा वेळी हब मोटरचं चाक काढायची गरज बहुतेक वेळा नसते. बॅटरी बंद करा, सायकल आडवी ठेवा, उरलेली हवा सोडा. टायरची एक कड चेन नसलेल्या बाजूनं, दोन लीव्हर लावून, रिमबाहेर काढा. संशयित जागेची हातभर ट्यूब बाहेर ओढा, थोडी हवा भरा आणि भोक शोधा. घासून, सोल्युशन लावून ते तीन-चार मिनिटं सुकू द्या. ओल्या सोल्युशनवर ठिगळ धरत नाही.

ठिगळ लावलं की लगेच टायर चढवू नका. कापसाचा बोळा टायरच्या आतून पूर्ण घेरभर फिरवा. तार रुतलेली असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात. बोटांना न लागलेली तार कापसाला सापडते आणि बोटंही कापत नाहीत. पक्कडीनं ती बाहेर काढा, मगच ट्यूब आत घाला. बसलेल्या चाकावर सायकल चालवत नेऊ नका. रिम वाकते आणि टायर सरकून व्हॉल्व्ह फाटतो.

चौकट : थोडक्यात

- मागचा टायर: जाड लवचिक थराचा, त्यात ॲरामिडचा थरही असेल तर उत्तम.
- पुढचा टायर: पकड महत्त्वाची, संरक्षण मध्यम चालेल.
- माप: ५०-५५९ सारख्या जोडीतला दुसरा आकडा जुन्या टायरशी जुळलाच पाहिजे.
- हवा: पंधरा दिवसांतून एकदा गेजनं तपासा, मागे थोडी जास्त.
- पाहणी: आठवड्यातून एकदा टायरचा घेर पाहून काच-तार काढा, पावसाळ्यात जास्त वेळा.
- सीलंट: बारीक भोकांसाठी, दर काही महिन्यांनी पुन्हा घाला.
- सोबत: दोन लीव्हर, ठिगळं, सोल्युशन, छोटा पंप, पक्कड, कापूस.

खर्चाचा क्रम

पहिला खर्च प्रेशर गेजचा, तो सगळ्यात कमी आणि सगळ्यात उपयोगी. दुसरा मागच्या टायरचा. परदेशी संरक्षक टायर साध्यापेक्षा बराच महाग पडतो, पण तो जास्त टिकतो आणि चुकलेल्या लोकल, पायपीट, ऑफिसातला उशीर यांची किंमत धरली तर तो महाग राहत नाही. बजेट कमी असेल तर चांगल्या देशी टायरात सीलंट घालून सुरुवात करा. पुढच्या टायरची घाई नको, तो झिजेपर्यंत वापरा. आणि नवा टायर पावसाळ्यानंतर नव्हे, मे महिन्यातच बसवून घ्या. पहिल्या सरींनी रस्त्याचा कचरा कडेला आणून टाकायच्या आत मागच्या चाकाची तयारी झालेली असावी.